हातावरचा मोर

"आजी, हात जरा वळवून धरा," टीव्हीवाला म्हणाला. "गोंदण लांबून मोरासारखं दिसेल."

"जलमभर सरळ धरलाय," गोजरबाई म्हणाली. "आता तुज्यासाठी वळवू व्हय?"

सोलापुरात टीव्ही अजून कुणाच्या घरात नव्हता. मुंबईहून आलेल्या माणसांनी इथं काय टिपलं ते मुंबईतच दिसणार होतं. तरी सभागृहात माणूस मावत नव्हतं. जुन्या वस्तू पारखायचा कार्यक्रम होता. कुणी चिंचेनं घासून हंडा आणला होता, कुणी आजोबांची गंजकी तलवार, आणि काही बाया तर हात हलवत, नुसतं नवं लुगडं नेसून आल्या होत्या. गोजरबाईला तिच्या लेकानं, हिंदुरावानं आणलं होतं. वस्तू म्हणजे तिचा उजवा हात.

त्या हातावर ती पोरवयात असताना गड्ड्याच्या जत्रेत एका गोंदणारीच्या भाच्यानं गोंदलं होतं. तोच भाचा आता सनईवाले सिद्धनाथबुवा झाला होता. रेडिओवर सकाळी तोच, मंत्र्याच्या लेकीच्या लग्नात तोच. तो तिच्या समोरच्याच खुर्चीत बसला होता. खांद्यावर शाल, मांडीवर सनई.

पारखणारे गृहस्थ भिंग घेऊन तिच्या मनगटावर वाकले.

"वा! काय रेषा आहे! थोर कलावंताची पहिली कलाकृती. हा मोर म्हणजे..."

"ह्येला कोंबडी म्हणत्यात," गोजरबाई म्हणाली.

"अं?"

"कोंबडी. तुमच्यात खात न्हाईत वाटतं."

मागची रांग फिदीफिदी हसली. हिंदुराव तिच्या कानाशी आला. "आये, मोर म्हण की येकदा. तुजं काय जातंय?"

"जायचं ते गेलं," ती म्हणाली.

हळदीच्या दिवशीच नणंदेनं तिचा हात वर धरून मांडवभर दाखवला होता. 'कोंबडी आलीया, खुराडं बांधा!' तेव्हापासून भावकीत ती कोंबडी. सासू मेली, नणंद मेली, नाव काही मेलं नाही. अजूनही बांधावरून भांडण झालं की पुतणे 'कुक्कुक' करत जायचे. तिला इथली शाल नको होती, नारळ नको होता. समोरच्या सनईवाल्याच्या तोंडून तिला एकच शब्द ऐकायचा होता. 'चुकलं.'

"आपण लांडोर म्हणू या का?" पारखणाऱ्यांनी तोड काढली.

"तू माज्या लग्नात पायजे हुतास," गोजरबाई म्हणाली.

बुवा हसले. पेपरातल्या फोटोत हसतात तसं, एका बाजूनं.

"मी सांगतो. मी गोंदत होतो, आणि पालाबाहेरून नंदीध्वजाच्या काठ्यांची मिरवणूक चालली होती. पुढं सनई. असा सूर कानी आला की मी सुई टाकून धावत सुटलो. त्या दिवशी गोंदणारा मेला आणि वादक जन्माला आला!"

टाळ्या पडल्या. टीव्हीवाल्यानं डोळे पुसले. रडायला याच्या बापाचं काय गेलं, असं गोजरबाईला वाटून गेलं.

"आन् शेपूट?" तिनं विचारलं.

"काय?"

"मोराचं शेपूट. ते काडायचं ऱ्हायलं न्हवं?"

"बाई," बुवा समजूत घातल्यासारखं म्हणाले, "कलेत सगळंच काढायचं नसतं. पिसारा बघणाऱ्यानं मनात फुलवायचा असतो."

यावर तर लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. हिंदुरावानंही वाजवल्या. गोजरबाईनं त्या थांबू दिल्या.

"सुई माज्या कातड्यात आन् ध्यान तुजं सनईत," मग ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुजी सनई बिगडली तर माणसं उटून जात्यात. ह्ये बिगडल्यालं घिऊन मी कुटं जाऊ?"



"एवढं कापता येईल," टीव्हीवाला कॅमेऱ्याजवळच्या माणसाला हळूच म्हणाला.

बुवांनी तिच्या हाताकडं पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांचे ओठ हलले, तशी ती जराशी पुढं झाली. पण बुवांनी खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि पारखणाऱ्यांकडं वळून म्हणाले, "थोडं वाजवतो. वातावरण चांगलं होईल."

डोळे मिटून त्यांनी सनई ओठाला लावली. पहिला सूर लागला, लांबला. माणसांच्या माना डोलायला लागल्या. आणि बुवांच्या अगदी समोर एक लोखंडी खुर्ची फरशीवर करकरत मागं सरकली.