मुकादमचा सराव

बायकोनं पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या, किल्ली खुळखुळवली आणि पुन्हा येऊन भाजी चिरायला बसली.

मुकादमनं एक डोळा उघडला, घशात एक सूर लावून पाहिला आणि सोडून दिला.

"बघ, आज अर्ध्यातच थांबला," नवरा म्हणाला. "सुधारतोय लेकाचा."

"हं," बायको म्हणाली. पर्स तशीच खांद्याला.

मुकादम म्हणजे कुत्रा. नाव नवऱ्यानंच ठेवलेलं. नवरा साबणाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. रिटायर झाल्यावर हाताखाली कोणीतरी हवं म्हणून पिल्लू आणलं. पिल्लू मोठं झालं आणि बायकोच्या मागं लागलं. ती लॉन्ड्रीच्या काउंटरवर कामाला निघाली, की मुकादम दाराच्या फटीला नाक लावून असा गळा काढायचा, की येणाराजाणारा आपोआप टोपी काढायचा.

आता घर बदलायचं होतं. नव्या बिल्डिंगचा नियम कडक. कुत्रं चालेल, त्याचा ओरडा चालणार नाही. ही चौकशी बायकोनंच केली. घरही तिनंच पाहिलं. नवरा गेला नव्हता. राहायला जायचंच आहे तर बघायला वेगळं कशाला जायचं, असा त्याचा हिशोब.

"मुकादमला सोडून मी कुठंही येणार नाही," त्यानं जाहीर केलं.

"ठाऊक आहे. म्हणून तर ट्रेनर बोलावलाय."

ट्रेनर लुकडा होता आणि त्याच्या सगळ्या खिशांत बिस्किटं होती. "कुत्रं जाण्याला रडत नाही," तो म्हणाला, "जाण्याच्या तयारीला रडतं. तर तयारी इतक्यांदा करायची की तिची किंमतच उरू नये. जाताना टाटा नाही. आल्यावर लाड नाही. आणि मागं राहणाऱ्याला खरं जाणं कुठलं न् खोटं कुठलं, हे कळताच कामा नये."

"अगं, लिहून घे," नवरा म्हणाला.

"लक्षात राहील," बायको म्हणाली.

तेव्हापासून घराची नाटक कंपनी झाली. बायको चपला घालून पोळ्या लाटायची. छत्री काखेत धरून झाडू मारायची. पर्स उशाशी घेऊन झोपायची. नवऱ्याला वाटलं, आपणही हातभार लावावा. काय करायचं नाही ते दाखवायला तो मुकादमपुढं मांडी घालून बसला आणि मान वर करून विव्हळला. वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली आली.

"दुसरं कुत्रं कधी आणलंत?"

तशी नवऱ्याची रड जुनीच. मागं एकदा बायको दोन दिवस बहिणीकडे निघाली होती. यानं फोनवर फोन लावले. चहाची गाळणी सापडत नाही. मुकादम जेवत नाही. मला चक्कर येते. ती अर्ध्या रस्त्यातून परत आली. तिनं दारात पाय ठेवला आणि चक्कर गेली. गाळणी ओट्यावरच होती.

हळूहळू बायको खरंच बाहेर जायला लागली. कधी कोपऱ्यापर्यंत, कधी पार संध्याकाळपर्यंत. जाताना एखादं खोकं घेऊन जायची. तेवढंच नव्या घरी सामान पोचतं. शिलाई मशीन गेलं. आईची ट्रंक गेली. नवरा दार धरून उभा राहायचा आणि मुकादमकडे बोट करून हुकूम सोडायचा, "बस. गप बस."

मुकादम गप बसायला लागला.

एकदा मात्र तो उघड्या खोक्यातच जाऊन झोपला आणि नवऱ्यानं वरून टेप मारली. उचलताना कमरेत चमक भरली. "काय भरलंस गं यात, दगड?" खोकं भुंकलं.

बायकोनं टेप फाडली, मुकादमला बाहेर काढलं आणि त्याचं तोंड मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली.

"लाड नाही," नवऱ्यानं दटावलं. "नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि उठली.

सामान हलवायच्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. कपाट, पेट्या, तिची खुर्ची चढली.

"माझं?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमचं दुसऱ्या खेपेला. पलंग, शेगडी, मुकादमची ताटली राहू दे सध्या." मग ती आत गेली. "अहो, गाळणी इथं खिळ्याला अडकवलीय. चहासाखर खालच्या फळीवर."

"घर सोडायच्या दिवशी गाळणी काय दाखवतेस?"

"लागली तर."

ती गेली. टाटा नाही, काही नाही. मुकादमनं मान वर केली नाही. नवऱ्यानंही मुद्दाम पेपरातून डोळे काढले नाहीत. आज शेवटची परीक्षा होती आणि ती त्याला बिघडवायची नव्हती.

दुपार झाली. टेम्पो आला नाही. फोन करावासा वाटला, पण नियम आठवला. खिळ्यावरची गाळणी काढून त्यानं स्वतःच चहा केला. उन्हं उतरली. मुकादम ताटली चाटून, दाराकडे पाठ करून झोपला होता. नवऱ्याची छाती फुगली. इतका शहाणा कुत्रा अख्ख्या बिल्डिंगीत नसेल.

ही बातमी कोणाला तरी सांगायलाच हवी होती. घराची किल्ली घेऊन तो खाली गेला. घरमालक झाडांना पाणी घालत होता.

"सकाळपासून एक सूर नाही," नवरा म्हणाला. "ना त्याचा, ना माझा. पास झालो आम्ही. धरा ही किल्ली, टेम्पो येईलच एवढ्यात."

घरमालकानं नळ बंद केला.

"किल्ली कशाला? तुम्ही दोघं इथंच राहताय ना? बाई सकाळी सांगून गेल्या, दोघांनाही आता सवय झालीय म्हणून."