लांबून बघेन

पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला आज अकरा दिवस झाले होते. पाच-सहा ओळींचं पत्र. सर्जेरावांना ते पाठ झालं होतं.

‘बाबा, फोनवर हा विषय निघाला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र. मला तिला एकदा बघायचं आहे. त्या दुपारबद्दल काय सांगू? माझं मलाच कळलेलं नाही. हात लावणार नाही. लांबून बघेन. येऊ का?’

सर्जेरावांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक त्यांना लांबून दिसे. स्वतःचं वाक्य लिहायला बसलं की मात्र पहिल्या शब्दालाच शंका येई. चार वेळा कागद घेतला, चार वेळा फाडला. त्यात वेळ तरी कुठला? नात महिन्याची झाली होती, आणि सलग दोन तास झोप म्हणजे काय, हे ते विसरले होते.

दर दोन तासांनी दूध. बाटली उकळायची, पावडर मोजायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर येईतो फेऱ्या. ढेकर आली की निम्मं दूध सदऱ्यावर. दुपटी धुऊन वाळत घालावीत, तोवर पुन्हा रडं. परवा त्यांनी चहात साखरेऐवजी दुधाची पावडर घातली होती आणि तो चहा तसाच पिऊन टाकला होता. वय एकाहत्तर. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. विचारायचं तरी कुणाला?

आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं असे. बाळंतिणीच्या खोलीत उठसूट कुणी डोकावत नाही, एवढी रीत कर्वेनगरच्या त्या सोसायटीतही अजून शिल्लक होती.

सकाळी समोरच्या जयाताई डबा घेऊन आल्या.

“अळिवाचे लाडू. ऋतुजाला द्या. कशी आहे?”

“झोपलीय.”

“भाग्यवान आहे हो तुमची लेक! आम्हाला दहाव्या दिवशी कणीक मळायला बसवलं होतं.” त्यांनी आवाज जरा खाली आणला. “आणि जावईबापू? मुलगी झाली म्हणून रुसलेत का?”

“रणजित कामात आहे.”

“आणि बारसं? का बिननावाचीच दहावीला बसवणार?”

सर्जेरावांनी हसल्यासारखं केलं आणि दार लावून घेतलं. लाडवांचा हा तिसरा डबा होता.

अकराच्या सुमारास रणजितचा फोन आला. जावई असला तरी तो त्यांना बाबाच म्हणे. त्याच्यामागे कुणीतरी मोठ्याने नंबर पुकारत होतं.

“विचार केला का, बाबा?”

“अजून नाही.”

“तासाभराची परवानगी मिळतेय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“बाळ रडतंय,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाळ गाढ झोपलं होतं.

हो म्हणावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण ओठांवर शब्द आला की ती दुपार समोर उभी राही. पाळण्यावर वाकलेली पाठ, दोन्ही हातांत धरलेली उशी, आणि मध्येच तुटलेलं रडणं. धावत जाऊन त्यांनी उशी हिसकावली होती. पोटच्या पोरीशी असं कुणी वागतं? त्या हातांजवळ बाळ पुन्हा जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. आणि सोसायटीत कुणाला त्याचा सुगावाही लागू दिला नव्हता.

दुपारी एकला रडं सुरू झालं.

दूध घेईना. पोटाला हिंग लावून झाला. एकही अंगाई आठवेना, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रातला अग्रलेख चालीवर वाचून दाखवला. तीन वाजले. चार वाजले. बाळाचं तोंड लालबुंद झालं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “अहो, घरात कुणी मोठं माणूस आहे की नाही?”

बाळाला मांडीवर घेऊन ते भिंतीला टेकून बसले.

मग एकदम शांत झालं. सर्जेरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी डोळे मिटले. कुठेतरी आत खोलवर कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा तळवा बाळाच्या तोंडावर होता. नाकावरही.

हात कधी ठेवला, ते त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी हात झटकला. बाळाने एक आचका दिला आणि पुन्हा टाहो फोडला. त्याला कसंबसं पाळण्यात ठेवून सर्जेराव खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. रडून रडून बाळ झोपेपर्यंत ते तसेच बसून होते.

मग त्यांनी कागद घेतला. फोनवर हे बोलणं त्यांना जन्मात जमलं नसतं. या खेपेला एकही शब्द खोडला नाही.

‘पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. त्या दुपारचं तुला कळलं नव्हतं, मला आज कळलं. माझ्याही हातून तेच होता होता राहिलं. ती सुखरूप आहे. मी एकटा पुरा पडत नाही. तासभर तर तासभर, ये. लांबून बघू नकोस. मी शेजारी बसतो, तू तिला घे.’

बाळाला दुपट्यात गुंडाळून, खांद्यावर घेऊन ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. सवयीने त्यांनी पाकिटावरचा पत्ता बोट ठेवून पुन्हा एकदा तपासला: सौ. ऋतुजा रणजित शेलार, स्त्री विभाग, खाट क्रमांक सात, मनोरुग्णालय. आणि पाकीट पेटीत टाकलं.