रिकामी काच

डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काच दोनदा इकडून तिकडे सरकवून पाहिली. काचेवर जंताचं एकही अंडं नव्हतं.

जंतांवरच्या ज्या लशीपायी केस पांढरे केले, ती टोचलेल्या मेंढीच्या लेंडीत अंडी नाहीत म्हटल्यावर खरं तर बाईंनी नाचायला हवं. पण आधीच्या दोन लशी तोंडावर आपटल्या होत्या. ही तिसरी. हीही गेली, तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार, हे वरच्यांनी स्पष्ट सांगून टाकलेलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई तर आता पाणीसुद्धा फुंकत होत्या.

"मिठाचं पाणी पातळ झालं असणार," त्या पुटपुटल्या. लेंडी ज्यात घोटतात त्या पाण्यात मीठ कमी पडलं की अंडी वर तरंगत नाहीत, तळाशी बसून राहतात आणि काच खोटं बोलते. मागच्या लशीच्या वेळी त्या अशाच फसल्या होत्या, तेही सगळ्यांना मिठाई वाटून झाल्यावर.

त्यांनी मीठ नव्याने घातलं, विरघळेनासं होईपर्यंत घातलं. लेंडी पुन्हा घोटली, गाळली. काच पुन्हा रिकामी.

मग त्याच पाण्यात लस न टोचलेल्या मेंढीची लेंडी. काचेवर अंड्यांची ही झुंबड! जंत तर दोघींना सारखेच पाजले होते. म्हणजे पाणी चोख होतं.

दुपारपर्यंत लस टोचलेल्या सगळ्या मेंढ्या तपासून झाल्या. कुठे एखादं चुकार अंडं, बाकी साफ. बाई एकट्याच खुर्चीत बसून हसत सुटल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की चष्मा कपाळावर आहे हे विसरून त्या तो टेबलावर शोधत होत्या.

बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि सूक्ष्मदर्शकापुढे रांग लागली. साहेब आले, हिशेबनीस आले, गाडीचा ड्रायव्हरही आला. साहेबांनी बराच वेळ डोळा बारीक केला.

"यात काही दिसत नाही हो."

"नाहीच दिसणार, साहेब," बाई म्हणाल्या, आणि साहेबांनी चक्क टाळी दिली.

शेवटी मेंढ्या सांभाळणारे मामा आले. जंतांनी रक्त शोषून पांढरीफटक पडून मेलेली कोकरं दरवर्षी तेच खड्ड्यापर्यंत उचलून न्यायचे. मामांनी हात पुसले, टोपी काढली, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. ड्रायव्हर पुन्हा बघायला मागे येऊन उभा राहिला, तरी ते हलेनात.

"मामा, काही नाहीये हो त्यात," बाई म्हणाल्या.

"तेच तर बघतोय," मामा डोळा न काढता म्हणाले. "ढकलू नका कुणी."