ओळ बसू दे

"अजून उशीर होतोय," शरणप्पा स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर पावाच्या भट्टीवाली बाई थांबली होती. मालिका तुर्कस्तानची. बोली परकी, पण खाली मराठी ओळी यायच्या. त्या ओळी पुण्याची कुणी हौशी पोरं लिहायची आणि फोनवर सोडायची. चित्र एकीकडून घ्यायचं, ओळी दुसरीकडून. त्यामुळं जोड बसायची नाही. बाई रडून मोकळी झाली की मग खाली तिचं बोलणं यायचं. शरणप्पा ती जोड बसवायचा. एक बटण दाबलं की ओळ आधी दिसायची, दुसरं दाबलं की नंतर.

येडशीत स्टेशनच्या रस्त्याला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर लोकांचे टीव्ही नीट केले, बायकोजवळ बसून एकही बघितला नाही. महेश्वरी हे बोलून दाखवायची नाही. गाव बोलून दाखवायचं. मग लेकीनं, शिवरंजनीनं, ही मालिका आणून दिली. महेश्वरीला गोडी लागली, आणि शरणप्पा रोज दिवेलागणीला दुकान बंद करून घरी यायला लागला. बायकोसाठी आपण एक तरी काम मनापासून केलं, असं त्याला वाटायचं. महिन्यापूर्वी ती साखरेच्या आजारानं गेली. त्याच्याजवळ तेवढंच एक समाधान राहिलं. मालिकेचा शेवटचा भाग तिचा बघायचा राहिला होता. तो नीट बसवायचा आणि तिच्या फोटोपुढं लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

पण त्याची स्वतःची नजर कायम खालच्या ओळीवर, आणि ओळ बसली की नाही, हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं. ते काम महेश्वरीचं. शरणप्पा खालची ओळ वाचून हसायचा. ती त्याच्या मागनं हसायची. तिला वाचायला वेळ लागतोय, ओळ जरा आधी यायला पाहिजे, असं धरून तो ओळ आणखी अलीकडं ओढायचा. तरी तिचं हसू मागंच. तो पुन्हा ओढायचा.

"सातवी शिकलेली म्हणून करून घेतली," तो म्हणायचा, "अन् एवढी ओळ वाचंना व्हय? तुझ्या बापानं फसवलं आमाला."

"बापानं न्हाय, मास्तरनं फसवलं," ती म्हणायची आणि हसायची. मग मधेच म्हणायची, "अवो, जरा ऐका की."

तो बटणावरचं बोट न काढता म्हणायचा, "थांब, ओळ बसू दे."

शेवटी शेवटी तिचं कशातच ध्यान नसायचं. चहा ओतताना कप भरला का ते बोट घालून बघायची. त्यावरून तो एकदा भडकला होता. पाहुण्यांसमोर.

दारात सावली पडली. शेजारची हरणाबाई भाकरीचा डबा घेऊन आली होती. महेश्वरीची जुनी मैत्रीण. महेश्वरी गेल्यापासून दुपारचं जेवण हरणाबाईच्या घरून यायचं.

"हरणाक्का, बरं झालं आलात. बसा. खालची ओळ बाईच्या तोंडाबरोबर येती का, तेवढं सांगा."

"मला कुठं वाचाया येतंय, भावजी? तुमी वाचून दाखवा. म्या तोंडाकडं बघते."

शरणप्पा वैतागला. "वाचून दाखवलं तर मजा काय राहिली? महेश्वरीला कधी वाचून दाखवाया लागलं न्हाय."

हरणाबाईनं डबा खाली ठेवला. फोटोकडं बघितलं. पदर उगाच नीट केला.

"लागत होतं, भावजी."

"काय लागत होतं?"

"गेल्या येळवशीच्या सणापासनं तिला अक्षर दिसत न्हवतं. साखर डोळ्यात उतरली होती. शेतात आंबिल वाढताना तांब्यात बोट घालायली, तवा मला कळलं. गळ्याची आन घातली मला. तुमी हसला की ती हसायची. तुमी 'च्च' केलं की पदर डोळ्याला लावायची."

शरणप्पाचं बोट बटणावर होतं. ते तसंच राहिलं.

"मला का बोलली न्हाय मग?"

हरणाबाई उठली. दारापर्यंत गेली. तिथनं वळून म्हणाली, "लई येळा तोंड उघडलं म्हणायची. तुमी म्हणायचा, थांब, ओळ बसू दे."

ती गेली. डब्यातली भाकरी गार झाली. शेजारी महेश्वरीची खुर्ची होती, नेहमीसारखी त्याच्या बाजूला तिरकी. टीव्हीकडं सरळ तोंड करून ती कधी ठेवायचीच नाही. तो रोज म्हणायचा, "खुर्ची सरळ कर, मान आखडंल." ती म्हणायची, "अशीच बरी."

त्यानं शेवटचा भाग बंद केला. त्याच्या आधीचा, दोघांनी बरोबर बघितलेला भाग लावला. तो त्यानं तिच्या हसण्यावर बसवला होता, ते बाईच्या बोलण्याशी जुळेपर्यंत ओळ अलीकडं ओढत. याच्याइतकी चांगली जोड कधी बसली नाही, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

आज पहिल्यांदाच त्यानं खालच्या ओळीवरची नजर काढली आणि वर, बाईच्या चेहऱ्याकडं बघितलं.

खाली ओळ आली आणि गेली.

मग बाईनं तोंड उघडलं. ती काहीतरी सांगत होती, हात जोडून, बराच वेळ. खाली काहीच नव्हतं.