तपासलं असं म्हणतंय

राजशेखरची नोकरी गेली. तूर्त ते झालंच नाही असं धरू, आणि अणदूरला त्याच्या स्वयंपाकघरात येऊ. रेंज तिथंच येते.

लॅपटॉप पिठाच्या डब्यावर. पडद्यावर पुण्याच्या साहेब, दीपाली मॅडम. गॅसपाशी आई, इरम्मा, खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत परतत होती.

कंपनीच्या सर्व्हरमध्ये एक नेटवर्क कार्ड होतं, म्हणजे नव्हतं. सॉफ्टवेअरनं उभं केलेलं सोंग. ते म्हणायचं, तलावांच्या पाण्याचा आलेला डेटा मी तपासतो. कर्नल, सिस्टिमच्या पोटातला कारभारी, तेच वरच्या प्रोग्रामांना सांगायचा. मग वरचे कशाला तपासतील? काल असल्याच, कुणीच न तपासलेल्या डेटानं एक तलाव पडद्यावर चारशे टक्के भरला. गाव टेकडीवर जाऊन बसलं. तलावात तेव्हा म्हशीचे गुडघेसुद्धा भिजत नव्हते.

राजशेखरनं कर्नलचा कोड बदलला. कार्डाला तपासायला जमतं का, हे वेगळं सांगायचं. खरंच तपासलं का, हे वेगळं. दुसऱ्यापुढं सध्या लिहून येत होतं : माहीत नाही.

"ते काढ," मॅडम म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला सगळं हिरवं, 'तपासलं' असंच लागतं. आत्ता जोडतेय त्यांना."

"उद्या भरलेला तलाव रिकामा दिसला तर? लोक घरात झोपलेले असतील, मॅडम."

"काढतोस, की तुझ्या जागी दुसरा बघू?"

राजशेखरचं बोट डिलीटच्या बटणावर गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून तो आईला म्हणाला, "मीठ बघितलंस का?"

"देवाचं चाखत न्हाईत."

"मग बरोबर हाय कशावरनं?"

"पुजारी हाय की तिथं."

"त्यो चाखतो व्हय?"

"त्यो कशाला चाखतोय? देवानं चाखलं म्हणून सांगतो."

माइक चालूच होता. मॅडमनी सगळं ऐकलं.

"राजशेखर, हिरवं कर."

त्यानं बोट उचललं आणि बदल होता तसाच सर्व्हरवर पाठवून दिला.

आधी पडद्यावरनं मॅडम गेल्या, मग लॉगिन गेलं. राजशेखरनं फोनवरनं कंपनीला अर्ज लिहिला :

"सबब, कर्नलास 'माहीत नाही' असे म्हणण्याची परवानगी मिळावी, व सदर सवलत सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांना पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती."