खांद्यावरचा खोडरबर

"मोठा फळाच घेऊ या," सर म्हणाले आणि ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

चित्रकलेच्या वर्गात दोन्ही यंत्रं आठवडाभर वापरून बघायला आणली होती. भिंतीवर दारापेक्षा रुंद डिजिटल फळा. बोटानं काढा, तळहातानं पुसा, चार पोरं एकदम तुटून पडली तरी त्याची तक्रार नाही. आणि टेबलावर वहीएवढा पेनटॅब. पेन दाबलं की रेघ जाड, अलगद धरलं की केसाएवढी बारीक. शाळेला परवडणार होतं एकच. कोणतं ते चित्रकलेच्या दोघा शिक्षकांनी ठरवायचं होतं. एक निवृत्तीला आलेले सर, आणि दुसरी त्यांच्याच हाताखाली शिकून त्याच शाळेत नोकरीला लागलेली ती.

तिच्या मनात शंकाच नव्हती. सर पोरांच्या खांद्यावर खोडरबर ठेवून रेघ ओढायला लावत. रेघ मनगटातून यायला हवी, खांदा हलता कामा नये. रबर पडला की रेघ पुन्हा. तिचा किती वेळा पडला होता ते देवालाच ठाऊक. सरांचा खांदा मात्र भिंतीसारखा. असल्या रेघेसाठीच पेनटॅब बनलाय, असं ती आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटली होती. सर त्याच्यासमोर एकदाच बसले. दोन रेघा ओढल्या, लगेच पुसल्या आणि चष्मा घरी राहिला म्हणून उठले.

"सर, फळ्यावर बोटानं नुसते फराटे निघतात. त्यात तुमची रेघ कुठंय?"

"शेवटच्या बाकापर्यंत दिसतं. पोरं खूश होतात."

"म्हणजे तुम्हालाही आता टाळ्याच हव्यात!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सर चिडले असते तर बरं झालं असतं. "तसं समज," एवढंच म्हणून त्यांनी हात खिशात घातले. अलीकडे त्यांना ती सवयच लागली होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका वर्ग बघायला आल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण कामाला कडक. गाण्याच्या बाईंचा आवाज बसला तेव्हा यांनीच गोड बोलून त्यांना ग्रंथालयात बसवलं होतं. त्या अजून पुस्तकांना कव्हरं घालतायत.

सर फळ्यासमोर उभे राहिले आणि एका दमात घोडा काढायला लागले. मान, पाठ, शेपटीचा झुपका. पोरं आ वासून बघत होती. ती मात्र तोंड फुगवून मागच्या भिंतीला टेकली होती.

"सर, तुमचा खांदा हलतोय!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली. तिच्या स्वतःच्या खांद्यावर खोडरबर होता. "तुमचा रबर पडला असता!"

वर्ग खो खो हसला. भिंतीला टेकलेल्या तिला मात्र हसू आलं नाही. तिनं नीट पाहिलं. सरांचं मनगट काठीसारखं ताठ होतं. सगळा हात खांद्यातून फिरत होता.

सर थांबले. बोट फळ्यावरच राहिलं. खांदा थांबला तशी घोड्याच्या खुरापाशी रेघ थरथरायला लागली. बारीक, भराभर, थांबता थांबेना. एवढ्या मोठ्या फळ्यावर, शेवटच्या बाकापर्यंत दिसेल अशी. मुख्याध्यापिका चष्मा सारखा करून पुढे वाकल्या.

आता तिला एकेक आठवलं. पुसलेल्या दोन रेघा, घरी राहिलेला चष्मा, खिशातले हात. रोज शेजारच्या खुर्चीत बसून तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीनंच, वेड्यासारखी. मग पोरांनीही धरलं. वर्ग दणाणला आणि कोण एवढं खुळावलंय म्हणून मुख्याध्यापिका मागे वळल्या. तेवढ्यात सरांनी तळहात फिरवून ती रेघ पुसली आणि हात खिशात घातला.

"मोठाच घ्या, मॅडम," ती त्या गोंगाटात ओरडून म्हणाली. डोळे भरले होते, पण टाळ्या थांबल्या नव्हत्या. "आमच्या सरांना टाळ्या फार आवडतात."