शुक्रवारची भाजी
नुसरत लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची. दोन वर्षांपूर्वी ताप आला. तो गेला, थकवा मुक्कामाला राहिला. आता थोड्या गप्पांनीही डोकं बधिर व्हायचं, दोन दिवस उठवायचं नाही. शुक्रवारी थोरली बहीण मेहमुदा भुशीहून आली, पोरीचं लग्न ठरल्याचं सांगू लागली. नुसरतनं डोळे मिटले. "नकोशी झाले का मी?" म्हणत मेहमुदा उठली. नुसरतनं तिचा हात धरला. "आपा, तुझं बोलणं ऐकायला जीव आसुसतो गं. पण ऐकलेलं डोक्यात टिकतच नाही. मग रडू येतं." मेहमुदा पुन्हा बसली. पिशवीतली मेथी काढून गुपचूप निवडू लागली. नुसरत तिच्या बांगड्यांची किणकिण ऐकत पडून राहिली. नवरामुलगा कसा दिसतो, विचारावंसं फार वाटलं. निघताना मेहमुदा एवढंच म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी गवार आणते. निवडायला जास्त वेळ लागतो."